लेखकाच्या नावाने एक प्याला?

अमेरिकेच्या अगदी दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचे छोटे बेट आहे. दर वर्षी जुलै महिन्यात तिथल्या ‘स्लॉपी जोज’ या बारमध्ये पांढऱ्या दाढीच्या, धिप्पाड पुरुषांची गर्दी उसळते. हे सगळे अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे चाहते. हेमिंग्वे यांच्यासारखा हुबेहूब कोण दिसतो, याची स्पर्धा तिथे १९८१ पासून भरते. १९३० च्या दशकात हेमिंग्वे या बेटावर राहत होते आणि या बारच्या मालकाशी त्यांची दोस्ती होती. त्यामुळे लेखकाचा वाढदिवस, बार आणि बिअर हे तिन्ही तिथे एकत्र नांदतात. स्कॉटलंडमध्ये २५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या जन्मदिवशी जेवणावळी उठतात आणि व्हिस्कीचे पेले उंचावून त्यांची आठवण काढली जाते.

अशा बातम्या वाचल्या, की आपल्याकडच्या वाचकांच्या गप्पांतही विषय निघतो. आपल्याकडे असे काही का होत नाही? एखाद्या पिणाऱ्या लेखकाच्या नावाने बिअरचा महोत्सव भरला, तर बिघडले कुठे? लेखक प्यायचा हे लपवून त्याला संत बनवायचे आणि मग त्याच्या तसबिरीला हार घालायचा, यापेक्षा हे प्रामाणिक नाही का? या शेवटच्या प्रश्नात तथ्य आहे. लेखकाचे व्यसन लपवू नये. पण न लपवणे वेगळे आणि त्याचा उत्सव करणे वेगळे. महोत्सवाच्या बाजूने बोलणारे चाहते बहुधा तीन गोष्टी सांगतात. बिअर ही काही खरी दारू नव्हे. दारू नसती तर त्याने असे लिहिलेच नसते. आणि एका प्याल्याने काय होते? या तिन्ही गोष्टी वैद्यकीय बाजूने तपासून पाहण्यासारख्या आहेत.

बिअरचा हिशेब

बिअर सौम्य आहे हा समज इतका रुजलेला आहे, की कायद्यानेही तिला वेगळी वागणूक दिली आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची, तर कडक दारूसाठी २५ वर्षांची आहे. यकृत मात्र असा भेद करत नाही. पोटात किती ग्रॅम अल्कोहोल गेले, एवढेच त्याला कळते.

ते ग्रॅम काढणे सोपे आहे. पेयाचे मिलिलिटर गुणिले बाटलीवर छापलेली टक्केवारी, भागिले शंभर, गुणिले ०.७९. पाच टक्क्यांच्या बिअरची ६५० मिलिलिटरची मोठी बाटली घेतली तर सुमारे २६ ग्रॅम अल्कोहोल होते. आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ बिअर असेल तर तेवढ्याच बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम. आता व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग पाहा. त्यात सुमारे २० ग्रॅम भरतात. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक बाटली आणि व्हिस्कीचे दोन मोठे पेग यकृताच्या लेखी सारखेच. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे सांगणारा माणूस डॉक्टरला खरेच सांगत असतो. त्याने हा गुणाकार कधी केलेला नसतो, एवढेच.

हे अल्कोहोल शरीराबाहेर काढण्याचा वेगही ठरलेला आहे. सरासरी तासाला सात-आठ ग्रॅम. लिंबू पिऊन, काळा चहा घेऊन किंवा डोक्यावर गार पाणी ओतून तो वाढत नाही. संध्याकाळी सात वाजता बसलेल्या माणसाने स्ट्राँग बिअरच्या तीन बाटल्या संपवल्या, तर सगळे अल्कोहोल निचरायला दुसऱ्या दिवशीचे साधारण अकरा वाजतात. रात्रभर झोप झाली म्हणून सकाळी सातला दुचाकी काढून घाट उतरणाऱ्याच्या रक्तात ते अजून असते. महोत्सव रात्री संपतो, त्याचा अंमल संपत नाही.

दारू लिहिते का?

दुसरा मुद्दा अधिक गोड आहे, म्हणून अधिक फसवा. सआदत हसन मंटो यांचे उदाहरण हटकून दिले जाते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आणि मासिकांत त्यांनी उमेदीची वर्षे घालवली. १९४८ मध्ये ते लाहोरला गेले. तिथे हाती पैसा नव्हता, अश्लीलतेचे खटले पाठीशी होते आणि दारू वाढत गेली. दारू सुटावी म्हणून त्यांना मनोरुग्णालयातही दाखल करावे लागले. या वर्षांत त्यांनी झपाट्याने कथा लिहिल्या हे खरे आहे. पण त्यातल्या कित्येक कथा दारूला पैसे हवेत म्हणून लिहिल्या होत्या, हेही तितकेच खरे. १८ जानेवारी १९५५ रोजी ते गेले. कारण यकृताचा सिरॉसिस. वय अवघे ४२. कथांचे श्रेय दारूला द्यायचे असेल, तर पुढच्या वीस-तीस वर्षांत ज्या कथा लिहिल्याच गेल्या नाहीत त्यांचा जमाखर्चही दारूच्याच नावावर मांडावा लागेल.

त्याच वर्षी डिसेंबरात उर्दू कवी मजाज लखनौमध्ये गेले. थंडीचे दिवस होते. मित्रांबरोबर दारूच्या अड्ड्याच्या गच्चीवर बैठक झाली. सोबतचे उठून गेले आणि मजाज तिथेच राहिले. सकाळी सापडले तेव्हा प्रकृती हाताबाहेर गेली होती. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय ४४. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे पिणाऱ्याला ऊब आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता त्याच वाटेने बाहेर पडत असते. थंडी जाणवत नाही, उठून आत जावे हे सुचत नाही आणि शरीर गार पडत जाते. दारूमुळे ऊब मिळते हा समज किती महाग पडू शकतो, ते या एका रात्रीत दिसते. शिवाय आणखी एक गोष्ट दिसते. बैठकीत वाहवा करणारे बैठक संपली की घरी जातात.

दारूने कल्पनाशक्ती खुलते का, याची प्रयोगशाळेतही पाहणी झाली आहे. २०१२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी ४० तरुणांवर एक प्रयोग केला. त्यातल्या निम्म्यांना बेताची दारू दिली. शब्दांचे संबंध जुळवण्याची कोडी त्यांनी न प्यालेल्यांपेक्षा जास्त आणि लवकर सोडवली. मात्र त्याच वेळी लक्ष एकवटण्याची, मनात एकाच वेळी अनेक धागे धरून ठेवण्याची त्यांची क्षमता घटली होती. चाहते पहिले वाक्य सांगतात, दुसरे सोडून देतात. कोडे सुटायला अर्धे मिनिट पुरते. कादंबरीला दोन वर्षे रोज टेबलाशी बसावे लागते, आणि तिथे तो दुसरा गुणच कामी येतो.

शिवाय इथे मोजणीचीच चूक आहे. पिणारे दहा थोर लेखक आपल्याला आठवतात, कारण ते थोर आहेत. त्यांच्याइतकेच पिऊन एक ओळही न लिहिलेले हजारो लोक कुणाच्या आठवणीत नसतात. ते सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात असतात. पोटात पाणी झालेले, डोळे पिवळे पडलेले, रक्ताची उलटी झाली म्हणून रात्री आणलेले. त्यांच्यात रिक्षाचालक असतात, खलाशी असतात, शिक्षक असतात. दारू प्रतिभा देत असती, तर या वॉर्डाइतके साहित्य दुसरीकडे कुठे निर्माण झाले नसते.

दारू सोडून लिहिलेल्यांची उदाहरणे तर डोळ्यांसमोर आहेत. नोबेल मिळालेले नाटककार यूजीन ओनील तरुणपणी बेसुमार प्यायचे. १९२६ च्या सुमारास त्यांनी दारू जवळजवळ कायमची सोडली. त्यांची सर्वांत नावाजलेली नाटके त्यानंतरची आहेत, आणि त्यांत दारूने उद्ध्वस्त झालेली माणसे आहेत. कथाकार रेमंड कार्व्हर यांना दारूपायी वारंवार रुग्णालयात ठेवावे लागले. २ जून १९७७ रोजी त्यांनी पिणे थांबवले. पुढची ११ वर्षे ते जगले, आणि वाचक त्यांना ज्या कथांसाठी ओळखतात त्यांतल्या अनेक कथा या काळातल्या आहेत. अनुभव दारूचा होता. लेखन मात्र शुद्धीवरचे होते.

या गोष्टीची उलटी बाजूही आहे. ज्यांच्या नावाने आज व्हिस्की प्यायली जाते, ते बर्न्स सरकारच्या अबकारी खात्यात नोकरीला होते. ३७ व्या वर्षी, १७९६ मध्ये ते गेले. त्यांचे पहिले मोठे चरित्र १८०० मध्ये जेम्स करी या डॉक्टरांनी लिहिले आणि त्यात मृत्यूचा ठपका दारूवर ठेवला. पुढे त्यांच्या लक्षणांची वर्णने तपासणाऱ्या वैद्यकतज्ज्ञांना वेगळेच दिसले. सांधेतापाने दुखावलेले हृदय आणि बहुधा त्याच्या झडपांना झालेला जंतुसंसर्ग. म्हणजे कवी हृदयविकाराने गेला आणि कीर्ती मिळाली ती मद्यपी म्हणून. लेखक पिणाराच असतो, हे आपण आधीच ठरवून टाकले, की त्याच्याकडे माणूस म्हणून पाहणेही राहून जाते आणि रुग्ण म्हणूनही.

‘एकच’ प्याला

उरला तिसरा मुद्दा. एका प्याल्याने काय होते? मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही. या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी एक अख्खे नाटक उभे राहिले.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. तो प्रयोग पाहायला गडकरी हयात नव्हते. जेमतेम महिनाभर आधी, २३ जानेवारीला, वयाच्या ३३ व्या वर्षी सावनेरला क्षयाने त्यांचे निधन झाले होते. नाटकातला सुधाकर हुशार वकील आहे. कचेरीत अपमान होतो, मनाचा दाह होतो आणि तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. पुढचा क्रम आजच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या केसपेपरशी ताडून पाहावा. दुःख विसरण्यासाठी घेतलेली दारू, मग वाढणारे प्रमाण, कामावरचे सुटलेले लक्ष, गेलेली पत, दळण दळून घर चालवणारी बायको. सोडण्याचा निश्चय होतो, पण समाज त्याला पुन्हा उभे राहू देत नाही आणि प्याला परत हातात येतो. सोडल्यानंतर पुन्हा सुरू होणे हा या आजाराचाच एक भाग आहे, हे वैद्यकशास्त्राने नंतर सविस्तर सांगितले. गडकऱ्यांनी ते रंगमंचावर आधीच दाखवून ठेवले होते.

आणि महोत्सव? तोही त्या नाटकात आहे. तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ म्हणजे दारूला तत्त्वज्ञान, सभासद आणि सभा मिळवून देणारी संस्था. प्रेक्षक तिथे पोट धरून हसतात, आणि हसायलाच हवे. पण गडकऱ्यांनी ते मंडळ सिंधूच्या जात्याशेजारी ठेवले आहे. मंडळातले हसू आणि जात्याची घरघर एकाच घरापर्यंत पोचते. पुढे तळीराम खाटेवर पडतो, तेव्हा डॉक्टर आणि वैद्य आपापसांत भांडत बसतात. तेही हसवणारे आहे, पण वैद्यकीय व्यवसायातल्या कुणालाही ते जरा टोचावे असेच आहे. व्यसनी रुग्णाकडे गंभीरपणे न पाहण्याची सवय आजही पुरती गेलेली नाही. ‘पितो ना, मग होणारच’ असे म्हणून त्याची पाठवणी होते. ३१ डिसेंबरच्या बातमीत ‘तळीरामांवर कारवाई’ हा शब्द आपण सहज वापरतो. नाटकातल्या पात्राचे नाव भाषेने उचलले, त्याचे खाटेवरचे आजारपण मात्र मागे राहिले.

‘एकच’ हा शब्द प्रत्येकासाठी सारखा नसतो, ही खरी अडचण आहे. महोत्सवाला आलेल्या बऱ्याच जणांची संध्याकाळ एका पेल्यावर निभावून जाईलही. पण त्यात एखादा असा असतो, ज्याने आठ महिन्यांपूर्वी दारू सोडलेली आहे. त्याच्या मेंदूने दारूशी जोडलेल्या खुणा पुसलेल्या नसतात. ग्लासांचा आवाज, तो वास, जुने मित्र, आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे निमित्त. कोकणात निमित्तांना तोटा नाही. शिमगा आहे, गटारी आहे, चाकरमानी गावी आल्याची खुशी आहे. त्यात आवडत्या लेखकाचे आदरणीय नाव जोडले, की नाही म्हणणे आणखी अवघड होते. कारण मग तो दारूला नाही म्हणत नसतो, लेखकाचा मान राखत नसतो. निदान भोवतालचे लोक त्याला तसे भासवतात. आणि कधीच न प्यालेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला तिथे वाचनाबरोबर दुसरी एक दीक्षा मिळते.

आरोग्याच्या दृष्टीने ज्याखाली धोका शून्य असे अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. अल्कोहोलयुक्त पेये कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात १९८८ पासूनच आहेत. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन या अवयवांच्या कर्करोगांशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. एका पेल्याने कुणाला कर्करोग होत नाही, हे खरे. धोका प्रमाणाबरोबर वाढत जातो. पण ‘थोडी घेतलेली तब्येतीला चांगली’ हे वाक्य आता डॉक्टरच्या तोंडी घालता येणार नाही.

रत्नागिरीतले एक उदाहरण

लेखकाच्या नावाने उत्सव करायचा तर कसा, याचे उत्तर शोधायला की वेस्टपर्यंत जावे लागत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या नावाने रत्नागिरीत ‘आर्ट सर्कल’ने पुलोत्सव रंगवला आहे. गाणे, नाटक, गप्पा आणि सामाजिक काम करणाऱ्यांचा गौरव असे त्याचे रूप. पु. लं.चे या गावाशी नाते होते. सुनीताबाई मूळच्या रत्नागिरीच्या आणि १२ जून १९४६ रोजी दोघांचे नोंदणी पद्धतीने लग्न झाले तेही इथेच. अंतू बर्वा याच गावातला.

या दोघांचे व्यसनमुक्तीशीही एक नाते आहे. १९८० च्या दशकात ‘गर्द’च्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर अनिल अवचट यांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे पैसे देऊ केले. त्यातून १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ उभे राहिले. त्याची धुरा मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी सांभाळली. एका लेखकाने लिहिले, दुसऱ्या लेखकाने वाचून खिशात हात घातला आणि एका डॉक्टर बाईंनी काम केले. तिथून बरे होऊन गेलेल्यांची घरे पुन्हा उभी राहिली. वाचकांनी लेखकाच्या नावाने काय करावे, याची यापेक्षा चांगली रीत सांगता येणार नाही.

कुणाला आपल्या किंवा घरातल्या माणसाच्या पिण्याबद्दल शंका असेल, तर चार प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. पिणे कमी करायला हवे असे कधी वाटले का? त्यावरून कुणी बोलले तर राग येतो का? प्यायल्याबद्दल अपराधी वाटते का? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हावेत म्हणून घ्यावी लागते का? दोन प्रश्नांना ‘हो’ आले तर डॉक्टरांना भेटावे. यकृतावर फक्त चरबी साठली असेल, तर दारू थांबवल्यावर काही आठवड्यांत ते सुधारू लागते. सिरॉसिस झाल्यावर तितकी सूट मिळत नाही, पण त्या टप्प्यावरही थांबल्याने आयुष्य वाढते.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका रात्रीत स्वतःच्या मनाने बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, भ्रम, ताप आणि थरथर सुरू होऊ शकते आणि उपचार न मिळाल्यास ते जिवावर बेतते. घरचे लोक त्याला बाहेरचे काही लागले असे समजून अंगारा लावत बसतात आणि वेळ जातो. रुग्णालयात औषधे आणि ब जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन हे दिवस सुखरूप पार करता येतात. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फोनवर बोलायचे असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ आणि राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

राहिला प्रश्न चाहत्यांचा. मंटो यांचा वाढदिवस ११ मे रोजी असतो. त्या दिवशी त्यांची एखादी कथा मोठ्याने वाचावी, ऐकायला चार माणसे बोलवावीत. त्यांत नुकती दारू सोडलेला कुणी असेल, तर त्यालाही निर्धास्तपणे येऊन बसता यावे, एवढे यजमानांनी पाहावे.